सर्वांत वाईट दिवसाला पेलेल एवढाच नेम

साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला राहणारे माझे मामा साखर कारखान्यातून लिपिक म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या रक्ततपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आल्याचे दिसले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही. रोज अर्धा तास चाला, चहातली साखर कमी करत न्या, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, एवढेच त्यांनी सांगितले. मामांनी पाडव्याचा मुहूर्त धरला आणि त्या एका दिवसापासून सहा नेम सुरू केले. पहाटे पाचला उठून अजिंक्यतारा चढायचा, चहा पूर्ण बिनसाखरेचा घ्यायचा, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरीच खायची, भात बंद, संध्याकाळी अर्धा तास प्राणायाम आणि रात्रीचे जेवण सातच्या आत. मामींनी तांदळाचा डबा वरच्या फळीवर सरकवला. मी फोनवर विचारले, "मामा, डॉक्टरांनी तर अर्धा तास चालायलाच सांगितलंय ना?" त्यावर ते म्हणाले, "अगं, अर्ध्या तासानं काय होतंय? करायचं तर नीट करायचं."

हनुमान जयंती आली तेव्हा, म्हणजे बरोबर पंधरवड्यात, गड उतरताना त्यांचा उजवा गुडघा धरला. आठ-दहा दिवस घरीच बसावे लागले. इथपर्यंत जे झाले ते समजण्यासारखे आहे, पण पुढचे मात्र विचार करायला लावणारे होते. गुडघा दुखला तर चढणे थांबायला हवे होते. चहातली साखर परत येण्याचे काहीच कारण नव्हते. प्रत्यक्षात त्या आठ-दहा दिवसांत सहाही नेम सुटले. साखर परतली, भात परतला, जेवण पुन्हा साडेनवाला होऊ लागले आणि मामा खिन्न होऊन म्हणू लागले की, "आपल्याच्यानं काही होणार नाही."

हा प्रसंग एका घराचा असला तरी प्रश्न घरोघरचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मामांसारखे उंबरठ्यावर उभे आहेत. या लोकांना चालायला, मोजके खायला सांगितले जाते आणि बहुतेकांना ते पटलेलेही असते. अडते ते टिकण्यापाशी. आपल्याकडे 'आरंभशूर' असा शब्दच आहे आणि तो माणसाच्या स्वभावातला दोष म्हणून वापरला जातो. माझे म्हणणे असे आहे की दोष बहुतेक वेळा माणसात नसतो, नेमाच्या मापात असतो. ते माप कसे चुकते आणि कसे घ्यावे, हे सवयींविषयी गेल्या काही दशकांत झालेल्या संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे.

सवय आणि निश्चय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

पहाटे वीज गेलेली असते, ओट्यापाशी अंधार असतो आणि तरीही चहा करणाऱ्या माणसाचा हात बरोबर साखरेच्या डब्याकडे जातो, चमचा दोनदा भरतो, झाकण लावतो. या वेळी त्याने 'साखर घालू की नको' असा विचार केलेला नसतो. पाण्याला उकळी आली, एवढी खूण हाताला पुरते. मानसशास्त्रात सवय म्हणतात ती हीच: एखादा ठरावीक प्रसंग, जागा किंवा वेळ समोर आली की विचाराशिवाय आपोआप घडणारी कृती. वेंडी वूड या अमेरिकी संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दर तासाला आपण काय करत आहोत ते वहीत नोंदवायला लावले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार त्यांच्या कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज आणि त्याच त्या परिस्थितीत घडत होत्या, आणि त्या करताना त्यांचे मन बहुधा दुसरीकडेच असे.

मेंदूच्या खोलवरच्या भागात 'बेसल गँग्लिया' नावाचे पेशींचे पुंजके असतात आणि सवयींचे बरेचसे काम तिथे चालते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ॲन ग्रेबिएल यांच्या गटाने उंदरांना एका वाटेवरून खाऊपर्यंत जायला शिकवले. सुरुवातीला उंदीर धावत असताना त्या भागातल्या पेशी वाटभर सक्रिय असत. पण वाट अंगवळणी पडल्यावर त्यांची हालचाल मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी उरली. मधला सगळा भाग जणू एका गाठोड्यात बांधला गेला. 'अंगवळणी पडणे' हा आपला वाक्प्रचार या शोधाच्या किती जवळ जातो, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

निश्चय ही याच्या उलट बाजूची गोष्ट आहे. निश्चयाने केलेली प्रत्येक कृती आठवावी लागते, ठरवावी लागते, आणि त्याच वेळी जुनी सवय मागे ओढत असेल तर तिला आवरावे लागते. हे सगळे लक्ष देऊन करावे लागते, आणि दिवसभरात आपल्याजवळ लक्ष मोजकेच असते. मामांच्या सहा नेमांपैकी पाडव्याच्या दिवशी एकही सवय नव्हता. सहाही निश्चय होते. पहाटे उठण्यापासून रात्री सातच्या जेवणापर्यंत त्यांना दिवसातून दहा-बारा वेळा स्वतःला आठवण करून द्यावी लागत होती. उत्साह होता तोवर ते जमले. गुडघ्याच्या दुखण्याने झोप आणि मन दोन्ही बिघडले तेव्हा लक्षाचा तो साठा आटला, आणि त्याच साठ्यावर उभे असलेले सहाही नेम एकदम खाली आले. शिवाय मामांच्या मनात हे सहा नेम सुटे नव्हतेच. 'पाडव्यापासून मी बदललो' अशी ती एक मोळी होती. मोळीची दोरी तुटली की सगळीच लाकडे पसरतात.

एकवीस दिवसांचा समज

सवय एकवीस दिवसांत लागते, हे वाक्य व्हॉट्सॲपवरून आपल्या सगळ्यांपर्यंत पोहोचले आहे. त्याचे मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० साली आलेल्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा आपला वाटायला किमान सुमारे एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला 'किमान' हा शब्द पुढे गळून गेला आणि चेहऱ्याच्या जागी चालणे, व्यायाम, योगासने असे सगळे काही आले.

प्रत्यक्ष मोजणी पुष्कळ नंतर झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एकच नवी कृती निवडायला सांगितली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खायचे ठरवले, कुणी एक पेला पाणी प्यायचे, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावायचे. ८४ दिवस त्यांनी रोज नोंद ठेवली की कृती झाली का आणि ती किती आपोआप झाली. ज्यांच्या नोंदींवरून नीट आलेख काढता आला, त्यांच्यात कृती पुरेशी आपोआप व्हायला लागलेला मधला आकडा ६६ दिवस होता. त्याहून महत्त्वाचा होता तो फरक: कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला गणिताने पुढे मांडलेल्या अंदाजानुसार २५४. खाण्यापिण्याच्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयीला साधारण दीडपट काळ लागला.

या अभ्यासातला आलेखाचा आकार मला फार बोलका वाटतो. सुरुवातीच्या प्रत्येक दिवसागणिक कृती भराभर सोपी होत जाते, मग वाढ मंदावते आणि एका पातळीवर स्थिरावते. म्हणजे सवयीसाठी सर्वांत मोलाचे दिवस पहिले असतात, आणि नेमके त्याच दिवसांत आपण कृती इतकी अवघड करून ठेवतो की ती रोज होऊच शकत नाही. पाऊण तासाचा चढ आठवड्यातून तीनदा झाला तर पुनरावृत्ती तीनच झाल्या. दहा मिनिटांचे चालणे रोज झाले तर सात. शरीराला कदाचित चढाने अधिक लाभ होत असेल, पण सवय लागण्याच्या हिशेबात दहा मिनिटे पुढे जातात.

आपल्या घरांतला चातुर्मासाचा नेम या दृष्टीने पाहावा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, एखादी बाई एकच गोष्ट धरते: एक भाजी सोडते, रोज एक अध्याय वाचते, तुळशीला ठरावीक प्रदक्षिणा घालते. नेम एक असतो, छोटा असतो, त्याची रोजची जागा आणि वेळ ठरलेली असते, मुदत माहीत असते आणि ती मुदत ६६ दिवसांपेक्षा बरीच लांब असते. या नेमांमागचा हेतू धार्मिक होता, आरोग्याचा नव्हता, आणि तो तसाच समजावा. पण माणसाला काय आणि किती काळ पेलते याची पिढ्यान्पिढ्यांची जाण त्यांच्या बांधणीत उतरलेली आहे.

मामींना आलेख ठाऊक नव्हता. आषाढीच्या आदल्या दिवशी त्या मामांना एवढेच म्हणाल्या, "अहो, आईंसारखा चातुर्मास धरा की. पण एकच धरा."

माप चुकते कुठे

नेम ठरवण्याचा दिवस नेहमी चांगला असतो. पाडवा, वाढदिवस, एक जानेवारी, किंवा तपासणीचा अहवाल हातात पडल्यानंतरची संध्याकाळ. मन भरून आलेले असते, झोप झालेली असते, घरात कुणी आजारी नसते. त्या दिवसाच्या बळावर आपण पुढच्या शंभर दिवसांचा करार करतो आणि त्या शंभरांत पाहुणे येतील, वीज जाईल, कंबर धरेल, हे हिशेबात घेत नाही.

हा केवळ भाबडेपणा नव्हे; माणसाच्या अंदाजाची ती ठरलेली खोड आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली तिची मांडणी केली. पुढे १९९४ साली कॅनडातल्या रॉजर ब्यूहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना, तो किती दिवसांत पुरा होईल असे विचारले. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आले. सगळे काही जितके बिघडू शकते तितके बिघडले तर किती लागतील, असे विचारल्यावर उत्तर सुमारे ४९ दिवस आले. प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले. अडचणींचा विचार मुद्दाम करायला लावला, तरीही अंदाज कमीच पडला.

यावर उपाय एकच दिसतो आणि या लेखाचा सगळा भर त्यावर आहे: नेमाचे माप चांगल्या दिवसावरून न घेता गेल्या महिन्यातला सर्वांत वाईट दिवस आठवून घ्यावे. कोणता तो दिवस? कामावरून उशिरा आलो, मुलाला ताप होता, बाहेर पाऊस कोसळत होता, कुणाशी तरी वाजले होते. त्या रात्री, त्या अवस्थेत, कुरकुर न करता जेवढे झाले असते, तेवढाच नेम धरावा. उत्तर दोन मिनिटे आले तर दोन मिनिटे. चांगल्या दिवशी त्याहून जास्त करायला कुणाची आडकाठी नाही, मात्र ते जास्तीचे नेमात मोजायचे नाही. पूजेच्या संकल्पात 'यथाशक्ति' हा शब्द येतो. त्यातली शक्ती थकलेल्या दिवसाची धरली की माप बरोबर बसते.

मामांनी वाईट दिवस आठवला आणि शतपावली निवडली. रात्रीच्या जेवणानंतर शंभर पावले, बस. या शब्दाकडे मी पूर्वी कधी नीट पाहिले नव्हते. नेम किती करायचा हे त्याच्या नावातच आहे आणि केव्हा करायचा हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आषाढात साताऱ्यात बाहेर पडण्यासारखे नसते, त्यामुळे पहिला महिनाभर शतपावली घरातच झाली. त्यांच्या घरातला बोळ स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या खोलीपर्यंत चौदा पावलांचा आहे. सात खेपा झाल्या की अठ्ठ्याण्णव होतात, आणि उरलेली दोन पावले पलंगापर्यंत. हे मोजून काढताना त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे.

इतक्या थोड्याने काय होते

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. शंभर पावलांनी मधुमेह टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम करावा. गाठायचे आहे ते हे. पण त्याच मार्गदर्शनात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या आपल्यापर्यंत पोहोचलेल्या नाहीत. पूर्वीच्या, म्हणजे २०१० सालच्या सूचनांत हालचाल सलग किमान दहा मिनिटांची असावी अशी अट होती; ती २०२० मध्ये काढून टाकली गेली. आणि अजिबात न करण्यापेक्षा थोडे करणे चांगलेच, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

दहा हजार पावलांचा आकडाही असाच तपासून पाहण्यासारखा आहे. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता, आणि तो गोल आकडा तिथून जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पावलांची नोंद तपासली गेली. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ठळकपणे कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर हा फरक वाढत गेला नाही. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, कारण जी निरोगी असते ती जास्त चालतेही. तरी लाभ दहा हजाराच्या पलीकडेच सुरू होतो, हा समज त्यांनी खोडला आहे.

जेवणानंतर चालण्याचे एक वेगळे महत्त्व आहे. जेवल्यावर रक्तातली साखर चढते. चालताना पायांचे आणि मांड्यांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात आणि त्या वेळी ते रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीवर पूर्ण अवलंबून न राहता ओढून घेऊ शकतात, त्यामुळे जेवणानंतरचा तो चढ थोडा बसका होतो. यासाठी घाम गाळावा लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांचे सावकाश चालणेही उपयोगी पडते. मात्र ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांनी चालण्याची वेळ वा प्रमाण वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण साखर गरजेपेक्षा खाली जाण्याचा धोका असतो. चालताना छातीत दाबल्यासारखे झाले, तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. तो नेम पाळण्याचा दिवस नव्हे.

आणि मामांच्या गुडघ्याचे काय झाले होते? नियमित व्यायामाने श्वास आणि हृदयाची क्षमता काही आठवड्यांत सुधारू लागते. स्नायूही तुलनेने लवकर तयार होतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र रक्तपुरवठा कमी असतो आणि त्या फार सावकाश बळकट होतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यात माणसाला 'आता दम लागत नाही' असे वाटते, तो वेग वाढवतो आणि सांध्यांभोवतीच्या भागाची तयारी झालेलीच नसते. उतारावर तर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणलेल्या स्थितीत शरीराचे वजन आवरतात आणि गुडघ्याच्या वाटीवर भार येतो. साठीच्या जवळ आलेल्या, तीस वर्षे टेबलाशी बसलेल्या माणसासाठी रोजचा गड म्हणजे या तयारीच्या कितीतरी पुढची उडी होती. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात धावणारी माणसे दिसतात आणि हुरूप येतो, ते चांगलेच आहे. पण त्यांच्या पायांमागे किती महिन्यांचा सराव आहे, तो रस्त्यावरून दिसत नाही.

खुणेला बांधलेला नेम

माप ठरले तरी नेम हवेत लोंबकळत ठेवून चालत नाही. 'रोज चालेन' यात केव्हा आणि कुठे हे नाही, त्यामुळे दिवसभरात कुठल्याच क्षणी तो समोर येत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवले की 'अमुक झाले की मी तमुक करेन' अशा रूपात ठरवलेली गोष्ट घडण्याची शक्यता बरीच वाढते. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला काहीच वेगळे सांगितले नाही. त्यांच्यापैकी ३८ टक्के जणांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो याची माहिती दिली. त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के राहिले, म्हणजे माहितीने इच्छा वाढली, कृती वाढली नाही. तिसऱ्या गटाला तीच माहिती देऊन, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून द्यायला लावले. त्यांच्यातल्या ९१ टक्के जणांनी तो केला.

खूण निवडताना घड्याळापेक्षा आधीच रोज घडणारी गोष्ट बरी. 'रात्री नऊला' ही खूण निवृत्त माणसालाही पाळता येत नाही, कारण जेवण कधी साडेआठला होते, कधी साडेनवाला. जेवून हात धुतला ही खूण मात्र चुकत नाही, कारण न जेवता कुणी झोपत नाही. मामांनी बेसिनजवळच्या टॉवेलला हात पुसला की तिथूनच पहिले पाऊल मोजायचे असे ठरवले होते. आधी टीव्हीसमोर बसले आणि मग उठायचे म्हटले की नेम बुडतो, हे त्यांना दोनच दिवसांत कळले होते.

ज्या सवयी मोडायच्या आहेत त्यांच्याबाबत हाच नियम उलटा लावावा लागतो: खूण दिसू नये किंवा हाताला सहज लागू नये असे करावे. चहाचे उदाहरण घेते. एकदम साखर बंद केली की चहा कडू लागतो आणि दिवसातून तीनदा आपण काहीतरी गमावल्याची जाणीव होते. गोडाची चव मात्र सवयीने बदलते. हळूहळू कमी केलेली साखर काही आठवड्यांत पुरेशी वाटू लागते. मामींनी भाद्रपदात साखरेच्या डब्यातला चमचा काढून तिथे जिऱ्या-मोहरीच्या डब्यातला छोटा चमचा ठेवला. मामांचा हात पूर्वीसारखाच दोनदा भरायचा, साखर मात्र निम्म्याच्या आसपास पडायची. हा दुसरा नेम होता, आणि तो पहिला अंगवळणी पडल्यावर, दोन महिन्यांनी आला, हे लक्षात घ्यावे.

चुकलेला दिवस

कुठलाही नेम शंभर दिवस अखंड चालत नाही. गावची यात्रा असते, लग्न असते, कुणाच्या घरी दुःखद प्रसंग असतो. अशा दिवशी काय होते यापेक्षा त्याच्या दुसऱ्या दिवशी काय होते, यावर सवयीचे भवितव्य ठरते. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग केला. नेहमी खाण्यावर बंधन घालून राहणाऱ्या काही जणांना त्यांनी आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग हवे तेवढे आइस्क्रीम खायला सांगितले. ज्यांचे पोट आधीच भरले होते त्यांनी कमी खायला हवे होते; पण बंधन घालून राहणाऱ्यांनी उलट जास्त खाल्ले. आज मोडलेच आहे तर आता राहू दे, असा तो विचार. आपल्याकडे उपवासाच्या दिवशी चुकून काही तोंडात गेले की 'मोडला उपास' म्हणून ताट वाढून घेतात, त्याचीच ही पडताळणी म्हणता येईल. बंधन जितके कडक, तितकी ही घसरण मोठी. सहा नेम एका मोळीत बांधणाऱ्या मामांचे हेच झाले होते.

लॅली यांच्या अभ्यासात याच्या दुसऱ्या बाजूचा दिलासा आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वेगावर लक्षणीय परिणाम झाला नाही; आलेख दुसऱ्या दिवशी जवळपास तिथूनच पुढे गेला. म्हणून 'खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून' हा हिशेब सवयींच्या बाबतीत सोडून द्यावा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मामा रोज एक छोटी खूण करत. दिवाळीत ते धाकट्या भावाकडे गावी गेले आणि तीन दिवस चौकोन कोरे राहिले. परत आल्यावर त्यांनी त्या तीन दिवसांची भरपाई म्हणून तीनशे पावले चालायची का, असे मला विचारले. मी म्हटले, "नको मामा, आजची शंभर आजच्यापुरती." भरपाई ही कर्जासारखी असते, साचली की माणूस सावकाराच्या घराचा रस्ताच टाळू लागतो.

नेम कधी वाढवावा, याची एक साधी परीक्षा आहे. केला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे वाटते का? पाऊस, पाहुणे, थकवा यांपैकी काहीही असताना तो झाला आहे का? उत्तर होय असेल तरच वाढवावा, आणि एका वेळी एकाच दिशेने: वेळ तरी वाढवावी, वेग तरी, नाहीतर दुसरा नेम तरी जोडावा. वाढवल्यावर सलग दोन आठवडे तो नकोसा वाटू लागला, तर बिनदिक्कत पूर्वीच्या मापावर यावे. ज्या नेमाची आता गरज उरली नाही, तोही रीतसर सोडावा. चातुर्मासाला उद्यापन असते. नेम संपला हे ठरवून आणि आनंदाने सांगितले जाते, त्यामुळे तो अपराधाच्या भावनेत विरून जात नाही.

कार्तिकी एकादशीला मामांचा चातुर्मास संपला, शतपावली मात्र चालूच राहिली. ती थांबवायचे कुणाला सुचलेच नाही. थंडी पडल्यावर ती बोळातून बाहेर रस्त्यावर आली आणि वीस मिनिटांची झाली. भांडी आवरून झाली की मामीही आता बरोबर निघतात, त्यामुळे कधी दहा मिनिटे उशीर होतो आणि त्या दहा मिनिटांत मामा टीव्ही न लावता दारात चप्पल घालून उभे असतात. रविवारी दोघे टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत जातात, तिथे थोडा वेळ शहराकडे बघत बसतात आणि उतरताना मामा बाजूच्या कठड्याला हात लावून, एक एक पाऊल जपून टाकत येतात. अजिंक्यताऱ्याचा विषय अजून निघालेला नाही.